‘नेटिव्ह’ नसलेल्या शिक्षिकेनं शिबिराला जावं का?

प्रश्न : नमस्कार अक्का. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटी भागातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात इंग्रजी घेऊन बी.ए., आता बी.एड.चं शेवटचं वर्ष. वय २३. युरोपात उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांसाठी इंग्रजीची शिबिरं भरतात आणि तिथं शिकवायला बाहेरच्या देशांतली तरुण मुलं-मुली जातात, हे कळल्यापासून तो विषय डोक्यातून जात नाही. काही ठिकाणचे अर्ज उघडून बघितले तर पहिलाच प्रश्न, ‘नेटिव्ह स्पीकर आहात का?’ तिथंच हात थांबला. बेळगावातले एक एजंट म्हणतात, ‘एक लाख ऐंशी हजार भरा, टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथं गेल्यावर कोण विचारत नाही.’ बाबा म्हणतात, इथल्या शाळेत शिकव की, परक्या मुलखात जाऊन काय करतीस? माझं व्याकरण पक्कं आहे, पण बोलताना गावाकडचा हेल येतो. तिथली मुलं हसतील का? आणि दिवसभर तिथं नेमकं करायचं असतं तरी काय?

उत्तर : आधी एजंटचं बघू. बाकीचं सावकाश ठरवता येईल, पैसे मात्र एकदा हातातून गेले की त्यांच्यामागं हिंडण्यात वर्षं जातात.

‘तिथं गेल्यावर कोण विचारत नाही’ हे खोटं आहे. विमानातून उतरल्यावर खिडकीत बसलेला अधिकारी हेच विचारतो: कशासाठी आलात, कुठं राहणार, परतीचं तिकीट दाखवा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. त्यांचा अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. त्या दिवसांत काय करता येईल, हे तू अर्जात लिहिलेल्या कारणावर आणि त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं. फिरायला जाते म्हणून सही करायची आणि शिबिरात शिकवायला उभं राहायचं, म्हणजे पहिल्याच कागदावर खोटं लिहायचं. सापडलीस तर परत पाठवतात, आणि तो डाग एका देशापुरता राहत नाही. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. पुढं कधी शिकायला किंवा नोकरीला जायचं म्हटलंस तरी ती नोंद आडवी येईल. ती तुझ्या नावावर चढते, एजंटच्या नाही.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्यानं १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी केलेली असावी लागते. नोंदलेल्या एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्यांनी उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. तेव्हा त्यांच्याकडं नोंदणी क्रमांक माग आणि एक लाख ऐंशी हजारांचा हिशेब लेखी माग. जाताना बाबांना बरोबर ने. क्रमांक मिळाला नाही तर दोघं तिथून उठून या.

आता तो ‘नेटिव्ह’चा प्रश्न. इटली, स्पेन, जर्मनी इथल्या बऱ्याच खासगी शिबिरांना ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथलीच मुलं हवी असतात. काही जण तसं स्पष्ट लिहितात, काहींचं अर्ज भरल्यावर कळतं. अशा शिबिरांच्या मागं लागू नकोस आणि तिथं खोटं ‘हो’ही लिहू नकोस. पण त्या एका प्रश्नावरून तुझ्या इंग्रजीची किंमत ठरते असं तू मानत असशील, तर ते मला अजिबात मान्य नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

भाषा शिकवण्याचा अभ्यास करणाऱ्यांनीच ही समजूत केव्हाच तपासून पाहिली आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक, हा भ्रम आहे, असं रॉबर्ट फिलिपसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मांडलं. हंगेरीचे पेटर मेडगेश स्वतः इंग्रजी शिकून शिक्षक झालेले. त्यांचं म्हणणं असं, की जो शिक्षक ही भाषा शिकून आला आहे त्याला मूल कुठं अडणार हे आधीच दिसतं, आणि ही भाषा शिकता येते याचा जिवंत पुरावा मुलांसमोर उभा असतो. मला हे दोन्ही मुद्दे वर्गात रोज खरे होताना दिसतात.

तू आणि मी कशा शिकलो ते बघ. घरात मराठी. बसमध्ये, आठवड्याच्या बाजारात, तहसीलदार कचेरीत कन्नड. टीव्हीवर हिंदी. इंग्रजी फळ्यावर, आणि माझ्या वेळी तर ते पाचवीत सुरू व्हायचं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर तीन भाषा एकाखाली एक. कुणाशी कोणत्या भाषेत सुरुवात करायची हे सीमाभागातलं पोर शाळेत जायच्या आधीच शिकतं. न कळणाऱ्या भाषेसमोर मूल कसं गप्प बसतं, गप्प बसून कानानं कसं गोळा करत राहतं आणि मग एखाद्या दिवशी कसं एकदम बोलतं, हे आपल्याला कुठल्या प्रशिक्षणात शिकावं लागलेलं नाही. एकाच भाषेत वाढलेल्या, शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंग्रज मुलाला ते कुणीतरी समजावून सांगावं लागतं. तुझ्याकडं ते आहे, आणि शिबिरात रोज लागतं ते हेच.

मी पुण्यात एम.ए. करत असताना एका विद्यार्थी-संस्थेमार्फत उन्हाळ्यात पोलंडला गेले होते, क्राकोवच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी एका लहान गावात. तिकडं शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि १ सप्टेंबरला भरतात. आईवडील दोघं कामावर जाणारे, म्हणून शाळेत किंवा गावच्या सांस्कृतिक केंद्रात दिवसाची शिबिरं चालतात. सकाळी मुलांना सोडायचं, दुपारनंतर घेऊन जायचं. परदेशी भाषा तिथं पहिलीपासून सक्तीची, आणि बहुतेकांची ती इंग्रजीच असते. त्यामुळं शब्द त्यांना भरपूर येत होते. गाळलेल्या जागा भराभर भरत. तोंड मात्र कुणी उघडेना. आपल्याकडचा आठवीचा वर्ग तुला आठवेल.

पोलिशमध्ये इंग्रजीतल्या ए, ॲन, द यांच्यासारखी उपपदं नाहीत. मराठीतही नाहीत. ‘आय हॅव डॉग’ असं पोरं म्हणायची तेव्हा ती का अडली आहेत ते मला लगेच कळायचं. भूतकाळातलं क्रियापद तिथं मुलगा एक बोलतो आणि मुलगी दुसरं, जसं आपण ‘गेलो’ आणि ‘गेले’ म्हणतो. इंग्रजीत ती कटकट नाही हे दाखवून दिल्यावर मुलांचे चेहरे उजळले. त्यांच्या भाषेत आपल्या चाकातला ‘च’ही आहे आणि चारमधलाही, त्यामुळं त्यांची नावं मी पहिल्याच दिवशी नीट घेऊ शकले. माझ्याबरोबर कॅनडाचा एक मुलगा होता, मनानं फार चांगला, पण नावांशी त्याची झटापट शेवटपर्यंत चालली. आपलं नाव नीट घेणाऱ्या माणसाजवळ मूल लवकर येतं.

दिवस कसा जातो, ते विचारलं आहेस. सकाळी सगळे मैदानात गोल करून उभे राहतात. टाळ्या, नावं, हालचालीची गाणी. मग वयाप्रमाणं गट पाडून वर्ग, पण बाकांवर बसवून नाही. जेम्स आशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली: शिक्षकानं आज्ञा द्यायची, स्वतः करून दाखवायची, मुलांनी अंगानं उत्तर द्यायचं आणि बोलायची घाई करायची नाही. उठ, वळ, खिडकीला हात लाव, लाल पेन्सिल डोक्यावर ठेव. लहान गटांना याहून चांगलं काही नाही. दुपारी जेवण, मग चित्रं, कागदकाम, पाण्याचे खेळ, नाटुकली. आठवड्याच्या अखेरीस पालकांसमोर छोटा कार्यक्रम, आणि त्यात प्रत्येक मुलाच्या तोंडी एक तरी वाक्य आलंच पाहिजे. सगळ्यात लाजऱ्या मुलाचं वाक्य आधी लिही.

खेळ कुठले शिकवायचे म्हणून इंटरनेट धुंडाळत बसू नकोस. तुझ्या गावात आहेत तेच ने. मी लगोरी नेली. ओढ्यातले सात चपटे दगड आणि एक रबरी चेंडू, याला कुठलाही खर्च नाही. लगोरीत मोजणी येते, वर-खाली-मागं-पुढं येतं, पळ, थांब, रच, फेक ही क्रियापदं येतात, आणि भांडण येतं. भांडायला भाषा लागतेच. त्या गटात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, शिबिर सुरू झाल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. तिला बाद दिलं तशी ती तणतणत आली आणि म्हणाली, ‘नो! आय नॉट आऊट! बॉल नो टच!’ मी तिची चूक काढली नाही. ‘ओके, द बॉल डिड नॉट टच यू’ असं म्हटलं आणि तिला परत खेळात घेतलं. दुसऱ्या दिवशी ती तेच वाक्य माझ्यासारखं म्हणाली, दुसऱ्या मुलाच्या बाजूनं भांडताना. भाषा शिकणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या मैदानावर जास्त कळलं. विषामृतही फार चालतं. ‘फ्रीझ’ आणि ‘मेल्ट’ एवढे दोन शब्द द्यायचे आणि सोडून द्यायचं.

पावसाचा दिवस मात्र आधीच ठरवून ठेव. तिकडं जुलैत पाऊस लागतो आणि मग चाळीस मुलं एका खोलीत असतात. दोरी, जुनी वर्तमानपत्रं, चिठ्ठ्या आणि एक मोठा नकाशा एवढं जवळ असलं तर दिवस निभतो.

हेल काढून टाकायचा विचार करू नकोस. मुलं पहिल्या सकाळी हसतील, ती कुठल्याही नव्या माणसाला हसतात. स्पष्ट, सावकाश, पूर्ण वाक्यात बोललीस तर दुपारपर्यंत त्यांना तुझ्या बोलण्याची सवय होते. मेहनत घ्यायची तर शब्दातल्या आघातावर घे, कारण ऐकणारा तिथं चुकतो: ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू होतो, मराठी माध्यमातल्या आपल्या सगळ्यांचं तिथं एक होतं. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मोठ्यानं वाचून मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. तीन महिने रोज थोडा वेळ दिलास तर पुरे.

जायचं कुठल्या वाटेनं? विद्यार्थी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी आयसेक ही १९४८ पासूनची संस्था आहे, तिच्या शाखा आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आहेत, आणि मुलांसोबतचे उन्हाळी प्रकल्प तिच्यामार्फत मिळतात. दुसरी सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल, स्वयंसेवकांची श्रमशिबिरं भरवणारी, १९२० ची. तिचे संस्थापक पिएर सेरेसोल १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर इथं येऊन पुनर्वसनाच्या कामात राबले होते. अशा संस्था शुल्क घेतात, पण ते आधी जाहीर केलेलं असतं आणि पावती मिळते. राहणं-जेवण बहुधा यजमान बघतात, विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं असतं. हा सगळ्यात मोठा खर्च, तो आधीच धरून चाल.

तुझ्या वयाला आणखी एक सरळ वाट आहे. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ २०२३ पासून भारतीयांसाठी सुरू आहे: वय १८ ते ३०, पदवी, खात्यात २,५३० पौंड, आणि वर्षाला ३,००० जागा. निवड सोडतीनं होते, सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत, आणि नाव लागलं तर दोन वर्षांपर्यंत तिथं राहून काम करता येतं. इटली-स्पेनची मुलं उन्हाळ्यात इंग्रजी शिकायला ब्रिटनलाच येतात, तिथल्या निवासी शाळांमधून त्यांची शिबिरं भरतात. शिकवायला बहुधा केंब्रिजचं सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र किंवा त्याच्या तोडीचं काही मागतात. सेल्टात सुमारे १२० तास असतात आणि त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं. ते सहा तासच मोलाचे. वर्गात पाऊल न टाकता मिळणारी स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रं घेऊ नकोस, तुझं बी.एड.चं पाठ-सरावाचं काम त्यांच्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे, अर्जात ते तपशिलानं लिही. अमेरिकेत ‘कॅम्प कौन्सिलर’ म्हणून जे-१ व्हिसावर चार महिन्यांपर्यंत जाता येतं, पण तिथं पोहणं, खेळ, तंबूतली देखभाल हे काम असतं, इंग्रजी शिकवणं नाही.

कागदपत्रांत आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेलगाम होतं ते बेळगावी झालं. तुझ्या जन्मदाखल्यावर जुनं स्पेलिंग असेल, पासपोर्टवर नवं. नावाचंही तसंच: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षरानं. हे सगळं एका तऱ्हेनं लिहून घ्यायला वेळ लागतो, म्हणून पासपोर्टच्या आधी तेच हाती घे. दुसरं, व्हिसाचा अर्ज राहत्या पत्त्याप्रमाणं ठरलेल्या केंद्रात जातो. कोल्हापूरच्या मैत्रिणीनं मुंबईत जे केलं तेच तुला लागू होईल असं नाही, कारण तुझा पत्ता कर्नाटकातला आहे. कुठल्या देशाचं काम मुंबईला आणि कुठल्याचं बंगळूरला, हे पाहूनच बसचं तिकीट काढ. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, सोबत किमान ३०,००० युरोचा आरोग्यविमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, एप्रिलमध्ये हात-पाय हलवायला सुरुवात करून चालत नाही. पोलिसांचा दाखलाही काढून ठेव. पोलंडमध्ये २०२४ पासून मुलांसोबत काम करणाऱ्यांची गुन्हेनोंद तपासणं संस्थांना बंधनकारक झालं आहे, आणि परदेशी माणसाला त्याच्या देशाचा दाखला मागतात. जे शिबिर असं काहीच मागत नाही, त्याच्याकडं मी माझी विद्यार्थिनी पाठवणार नाही.

राहिले बाबा. परक्या मुलखात काय, असं ते विचारतात. त्यांना वळिवड्याचं सांग. कोल्हापूरला लागूनच ते गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियात हाकलले गेलेले पोलिश लोक इराणमार्गे इथं आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बायका आणि मुलंच जास्त, वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. वॉर्सात आज कोल्हापूरचं स्मारक आहे. मी शिबिरात एक अख्खी सकाळ याच गोष्टीवर घेतली. जमिनीवर नकाशा अंथरला, मुलांनी दोऱ्यानं वाट आखली, प्रत्येक मुक्कामाला एक सोपं इंग्रजी वाक्य. ‘दे वेअर हंग्री.’ ‘दे वेण्ट बाय शिप.’ ‘दे केम टू कोल्हापूर.’ आपल्याच वयाची पोलिश मुलं इतक्या लांब राहिली होती, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. दुपारी न्यायला आलेल्या एका मुलाच्या आजोबांनी तो नकाशा गुडघे टेकून शेवटपर्यंत वाचला.

बाबांची खरी काळजी कदाचित वेगळी असेल. जुलैत तुमच्याकडं भाताची लावणी असते आणि घरातला एक हात कमी होणार. त्याबद्दल त्यांच्याशी आत्ताच बोल, मजुरीचा खर्च तुझ्या हिशेबात धर. अशा गोष्टी मुलीनं स्वतःहून काढल्या की घरातलं बोलणं पुढं सरकतं.

प्रश्न : मी निपाणी भागात एका अनुदानित हायस्कूलला इंग्रजी शिकवतो, वय ४१. अशा शिबिरांना जायची फार इच्छा आहे. पण आमची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत, आणि युरोपातली शिबिरं सुरू होतात तेव्हा आमचे वर्ग भरलेले असतात. काही मार्ग?

उत्तर : सर, युरोपचं कॅलेंडर आपल्याशी जुळणार नाही, तो नाद सोडा. थायलंडकडं बघा. तिथली मोठी सुट्टी साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असते आणि मुलांची इंग्रजी शिबिरंही त्याच दिवसांत होतात. ऑक्टोबरातही त्यांची सुट्टी असते, तेव्हा आपली दसऱ्याची. मात्र तिथं परवान्याशिवाय शिकवणं बेकायदेशीर आहे, विनामोबदला असलं तरी. बोलावणाऱ्या संस्थेनं योग्य व्हिसा आणि कामाचा परवाना काढून दिला तरच जा. तुम्ही अनुदानित शाळेत आहात, तेव्हा संस्थेची आणि शिक्षण खात्याची लेखी परवानगी आधी हातात घ्या.

आणि एक विनंती. एका मे महिन्यात निपाणीतच असं शिबिर भरवून बघा. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची मुलं सुट्टीत दिवसभर मोकळी असतात. मैदान शाळेचं आहे, इंग्रजी तुमच्याकडं आहे. मराठी आणि कन्नड माध्यमाची मुलं एका गटात घ्या. एकमेकांच्या भाषेत अडली की ती आपोआप इंग्रजीकडं वळतात. हे मी बेळगावात करून पाहिलं आहे. परदेशी संस्थेला अर्ज करताना या कामाचा अनुभवही लिहिता येईल, पण तो हेतू दुय्यम ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे. तिची पोलंडच्या एका शिबिरासाठी निवड झाली आहे. आम्ही बेळगावातल्या शहापूरचे, घरात पूर्ण शाकाहार. ती जेवेल काय, आणि एकटी सुरक्षित राहील का? झोप लागत नाही.

उत्तर : काकू, जेवणाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेली पिरोगी (उकडलेल्या करंज्यांसारखी), गोड चीजची धिरडी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, ब्रेड, लोणी, चेरी, मनुका... उपाशी ती राहणार नाही. दोन ठिकाणी जपायला सांगा. सूप भाज्यांचं दिसलं तरी ते मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आणि पिरोगीवर वरून चरबीचे तळलेले तुकडे घालतात. ‘मांस नको, मासे नको, मांसाचं पाणीही नको’ हे पोलिशमध्ये लिहिलेली चिठ्ठी तिच्या पर्समध्ये असू द्या. मेतकूट, चटणी, थोडे पोहे द्या, पण बॅगेचा अर्धा भाग त्यानं भरू नका.

सुरक्षिततेसाठी जाण्याच्या आधी काही गोष्टी तुम्ही स्वतः विचारा. ती कुणाच्या घरी राहणार, त्या घरात कोण कोण आहे, तिला वेगळी खोली आहे का, खोलीला कडी आहे का, शिबिराच्या जागेपासून घर किती लांब, आणि ते घर पटलं नाही तर बदलून देणारी व्यक्ती कोण. यजमान बाईंशी व्हिडिओवर बोला. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी बोला, मुलगी मध्ये सांगेल. त्याही कुणाच्या तरी आई असतील, आणि तुमचा चेहरा पाहिलेला असला की त्यांचंही लक्ष वेगळं राहतं. पासपोर्टची, व्हिसाची आणि विम्याची प्रत घरी ठेवा. मदतीसाठी युरोपभर ११२ हा नंबर चालतो. वॉर्सातल्या भारतीय दूतावासाचा नंबर तिच्या फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडं असावा.

फोनची वेळही ठरवून टाका. उन्हाळ्यात पोलंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. मुलांना घरी लावून ती पाचच्या सुमाराला मोकळी होईल, तेव्हा तुमच्याकडं साडेआठ वाजलेले असतील. रोज त्याच वेळी बोला. दिवसा फोन करू नका, तेव्हा तिच्या हाती दुसऱ्यांची मुलं असतात. आणि रात्री नऊला तिच्या खिडकीत उजेड दिसला तर घाबरू नका, जुलैत तिथं सूर्यच तेवढ्या उशिरा मावळतो.